पाचवं वर्तुळ

पडद्यावरचं पाचवं वर्तुळ इतर चारांपेक्षा किंचित फिकट होतं. कड मात्र स्वच्छ होती.

"हा मणी बघा, चार मिलिमीटर," सर म्हणाले आणि लेझरचा लाल ठिपका त्यांनी वर्तुळाभोवती फिरवला. "वाटाण्याच्या निम्मा. गाठी शोधणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमशिवाय कुणाला दिसणार नाही."

समोर बसलेल्या डॉक्टरांनी माना डोलावल्या. काचेपलीकडे, स्कॅनरच्या बोगद्यात, बादलीएवढं प्लॅस्टिकचं पिंप आडवं पडलं होतं. माणसाच्या छातीऐवजी पाणी आणि कॅन्सरच्या गाठींऐवजी मणी. पिंप भरायचं, मणी बसवायचे, हे काम सरांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीचं. पहिल्या दिवसापासून तिचंच. सरांच्या बाह्या ओल्या झालेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या.

ती भिंतीला टेकून उभी होती. एप्रनच्या खिशात मूठ घट्ट आवळलेली.

"ही आमची ताराबाई," सरांनी ओळख करून दिली. "आधी आकाशातले तारे मोजायची. म्हटलं, इकडे ये, जरा उपयोगाचं काही मोज!"

सगळे हसले. ती हसली नाही.

सरांनी तिला बोलावलं नव्हतं. ती आली होती मावशीमुळे. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं. मावशीच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली, म्हणून एक फुप्फुस अर्धं कापून काढलं. तुकडा तपासला, तर गाठ नव्हतीच. "काही निघालं नाही, नशीबवान आहात!" असं सर्जनने हसत सांगितलं. घरच्यांनी त्याचे हात धरून आभार मानले. मग स्कॅनमध्ये दिसलं काय होतं, असं तिने विचारलं, तर सगळ्यांनी तिलाच गप्प केलं. मावशी आजही जिन्यात मध्येच थांबते आणि म्हणते, "तू हो पुढे. मी जरा भिंतीचा रंग बघते." त्या न मिळालेल्या उत्तरापायी तिने तारे सोडले.

आणि इथे तोच प्रश्न पुन्हा समोर आला. प्रोग्रॅमला शिकवताना दाखवलेल्या प्रत्येक चित्रात पाच मणी होते. मणी नसलेलं चित्र त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

"सर, एकदा नुसतं पाणी भरून बघू या," ती वर्षभर म्हणत होती.

"रिकाम्या पिंपात काय दिसणार? अकलेचे तारे तोडू नकोस."

तिचा प्रबंध सरांच्या कपाटात सहीवाचून पडला होता. मागच्या महिन्यात तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा त्यांनी उठून त्या कपाटाला कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली आणि गोड आवाजात विचारलं, "अजून काही?"

ती "नाही" म्हणाली होती. त्या एका शब्दाचा संताप तिला अजून जेवू देत नव्हता.

हॉस्पिटलच्या संचालक मॅडमनी चष्मा काढला. "सोमवारपासून आमचे पेशंट यात झोपणार. हा प्रोग्रॅम बोट दाखवेल तिथे आम्ही सुरी चालवणार. त्याला दिसतं ते खरंच तिथे असतं, हे कोण सांगणार?"

"अहो, मणी हीच बसवते. हिलाच विचारा की!" सर खुशीत तिच्याकडे वळले. "सांग गं ताराबाई. पाचच्या पाच बरोबर जागी आहेत ना?"

ती भिंतीपासून बाजूला झाली आणि टेबलापाशी आली. खिशातली मूठ बाहेर काढून तिने उघडली. मणी टपटप टेबलावर पडले. सगळ्यात छोटा घरंगळत सरांच्या कपापाशी जाऊन थांबला.

"पाचही इथे आहेत, सर," ती म्हणाली. मग मॅडमकडे वळली. आवाज जराही चढला नव्हता. "सोमवारी यात कुणालाही झोपवू नका. आज त्या पिंपात नुसतं पाणी आहे."