ओळखीची खूण

“आजोंना पोर्तुगिजांनी धरलं, ते एक बरं झालं,” मधुकर एजंट म्हणाला आणि त्याने बशीत चहा ओतला. “नाहीतर ते जन्मले याला कागदच नव्हता.”

गोव्यातल्या पार्से गावच्या त्या पडवीत सगळ्यांना हायसं वाटलं. आजोबा विठू जन्माच्या नोंदीत सापडला नव्हता, शाळेच्या नोंदीतही नाही. सापडला तो गोवामुक्तीच्या सत्याग्रहात धरलेल्यांच्या, एकोणीसशे पंचावन्न सालच्या तुरुंगाच्या वहीत. आणि खुद्द पोर्तुगीज सरकारने लिहिलेला, म्हणजे पक्का. आता विठूने पोर्तुगीज पासपोर्टच्या अर्जावर अंगठा द्यायचा, की झालं. विठू जन्माने पोर्तुगीज, म्हणून त्याचा वारलेला मुलगा पोर्तुगीज, म्हणून नातू देवेश पोर्तुगीज. आयर्लंडात कोंबड्या कापायच्या कारखान्यात देवेशची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली होती.

“त्या वहीत काय लिवलेला आसा?” विठूने विचारलं.

मधुकरने चष्मा चढवला. पणजीत सहा महिने क्लास लावून शिकलेलं पोर्तुगीज फुकट घालवणारा तो माणूस नव्हता. “विठू. वय सतरा. माफीनाम्यावर अंगठा देण्यास नकार. तळहातावर लाकडी पळीचे बत्तीस फटके, कैद्याने स्वतः मोजले. ओळखीची खूण : उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली.”

त्याने वाकून विठूचा हात पाहिला.

“खूण पटली. काम चोख करायचे हो ते लोक.”

देवेशने शाईची डबी उघडली. “आजो, अंगठो दी.”

“मी अंगठो देवचंय नाय.”

“अरे, ह्यो माफीनामो न्हय. सरकारचो अर्ज.”

“खंयच्या सरकारचो?”

 मधुकरने उरलेला चहा बशीत ओतला.

चहा संपला तशी मधुकरला युक्ती सुचली. तो उठला, पोर्तुगीज शिपायासारखा छाती काढून उभा राहिला आणि थट्टेनेच गरजला, “आ मांव!”

म्हणजे, हात पुढे कर.

विठूचा उजवा हात पुढे आला. तळवा वर. मान भिंतीकडे वळली, डोळे घट्ट मिटले.

“उं... दोयश... त्रेश...”

“अरे वा! आजोंना पोर्तुगीज आकडे येतात की!” मधुकर खूश झाला. “आणि उच्चार बघा!”

हात समोर आलाच होता. देवेशने अंगठा शाईत दाबला, कागदावर टेकवला, जरासा फिरवला. ठसा झकास उमटला. विठूचे सात मोजून होईपर्यंत काम उरकलंसुद्धा. कागदावर फुंकर घालत मधुकर पायऱ्या उतरला, आणि देवेश त्याला गाडीपर्यंत पोचवायला गेला.

विठू मोजतच होता. बत्तिसाला थांबला. हात ओढून पोटाशी धरला. डोळे उघडले, तेव्हा नातसून सेजल खोबरेल तेलाचा बोळा घेऊन समोर बसली होती.

“मी अंगठो दिलंय नाय मां?” त्याने विचारलं.

सेजलने तो निळा अंगठा आपल्या मुठीत घेतला. शाई चांगल्या कंपनीची होती, निघता निघत नव्हती.

“नाय हो आजो,” ती म्हणाली. “तुमी खंय दिलात?”

आणि आणखी जोरात घासू लागली.