कोपराला जागा

"आधी कोपर टेकव, पोरी, मग हात चालव. ज्याच्या कोपराला जागा नाही, त्याची रेघ भटकी."

बापाचा आवाज. चाळीस वर्षांमागचा, अंगभर भुसा माखलेला. हत्यारांच्या दुकानात काउंटरपाशी उभी असताना तो तिला अगदी कानाशी ऐकू आला.

ती काठ्यांच्या मुठी कोरायची. घरीच बसून. कुणाच्या मुठीवर वेल, कुणाच्या मुठीवर पाखरू. परवा तिच्या जुन्या कोरायच्या मशीननं धूर सोडला आणि मान टाकली.

दुकानदारानं दोन नवी मशीनं पुढ्यात मांडली. एक वायरचं, एक बॅटरीचं.

"बॅटरीचंच द्या," तिच्यासोबत आलेला मुलगा म्हणाला. "आईचं टेबल आता बाल्कनीत जातंय. तिथं प्लग नाही."

टेबल याआधी एकदा हललं होतं. सोफा आला तेव्हा खिडकीपासून घरातल्या बोळात. आता बोळात चपलांचं कपाट येणार होतं. दोन्ही वेळा ती काही बोलली नाही, आणि घरानं ते 'हो' म्हणून धरलं.

"मावशी, हातात घेऊन तर बघा," दुकानदार म्हणाला.

तिनं बॅटरीचं उचललं. शेपटाकडं जड. मनगट मागं ओढलं जात होतं.

"किती वेळ चालते ही बॅटरी?"

"अर्धा तास. मग चार्जिंगला लावायची. तोवर तुम्ही चहा घ्या."

"आणि पाखराची एकच पापणी कोरून झालेली असली तर?"

"मग दोन चहा घ्या."

ती हसली. मुलगाही हसला. "आई, मी जास्तीची बॅटरी घेऊन देतो ना. सुटसुटीत आहे गं हे. कुठंही बसता येईल तुला. बाल्कनीत बस, गच्चीवर बस, जिन्याखाली बस. धूळसुद्धा घरात यायची नाही."

"आणि पाऊस आला म्हणजे?"

"तेव्हा बघू काहीतरी."

तिनं बॅटरीचं मशीन खाली ठेवलं. वायरचं उचललं. हलकं होतं, मुठीत चिमणीएवढं.

"भाऊ, एखादा लाकडाचा तुकडा द्या. आणि ते खिळ्यांचे डबे जरा सरकवता का? कोपर टेकायचंय."

दुकानदारानं डबे सरकवले. मग कुलपांची पेटी उचलली. मग स्वतःचा अर्धा प्यायलेला चहाही बाजूला घेतला. फडक्यानं काउंटर पुसला, प्लग लावून दिला आणि एक पाऊल मागं सरकून उभा राहिला.

तिनं कोपर टेकवलं. मशीन गुणगुणू लागलं. आधी देठ आला, मग देठातून शीर, शिरेतून शिरा. रेघ कुठं थबकली नाही, कुठं घसरली नाही. पान पुरं झालं. एक गिऱ्हाईक दारातच थांबलं.

दुकानदारानं फुंकर मारून भुसा उडवला, तुकडा उजेडाला धरला. "हे मी ठेवून घेऊ का, मावशी?"

"ठेवा की."

ती काउंटरवरच्या मोकळ्या केलेल्या जागेकडं बघत राहिली. वीतभर रुंद, दोन विती लांब. परक्या माणसानं दिलेली, एका शब्दावर.

"हेच द्या," ती म्हणाली. "वायरचं."

"अगं आई," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "वायर पोचणार कुठं?"

"खिडकीपाशी प्लग आहे."

"तिथं सोफा आहे."

तिनं वायर गुंडाळली. एक वेढा, दुसरा, तिसरा. टोक आत खोचलं आणि मशीन पिशवीत घातलं. मग मुलाकडं बघितलं. आवाज चढवला नाही.

"बाल्कनीत बसते असं मी कधी म्हटलं रे? गप्प होते, एवढंच. सोफ्याला काही प्लग लागत नाही. त्याला ने बाल्कनीत."