लेव्हीचा पाहुणा

"तांबेऱ्यानं गहू खाल्ला, सायेब. घरात दाणा नाही," तुळशीराम म्हणाला.

लेव्हीचं, म्हणजे सरकारला सक्तीनं विकायचं धान्य गोळा करणाऱ्या कारकुनाने नुसती मान हलवली. सकाळपासून दर उंबऱ्यावर त्याने हेच ऐकलं होतं. सरकारी भाव बाजाराच्या निम्मा. आपखुशीनं लेव्ही कोण घालील, हे त्यालाही कळत होतं. आता उठून, धान्य दडवलंय का म्हणून कडब्याची गंजी उपसून बघायला हवी होती, पण पाय उचलत नव्हते. तो ओसरीच्या खांबाला टेकून बसला.

"उन्हातान्हाचं आलात, दोन घास खाऊन जावा," आतून तुळशीरामची बायको अनसूया म्हणाली. दारी आलेल्या माणसाला उपाशी धाडायचं नाही, ही त्या घराची रीत होती. पाहुण्याला भाकरी नाही, पोळीच वाढायची, हीसुद्धा. तिने सवयीनं कणीक मळली.

ताट बाहेर आलं आणि तुळशीरामचा चेहरा पडला. तेव्हा कुठे तिला उमगलं. ताटात गव्हाच्या दोन पोळ्या होत्या, तुपानं चकाकणाऱ्या.

कारकून त्या पोळ्यांकडे बघत राहिला. तालुक्याला त्याच्या स्वतःच्या घरी रेशनच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची भाकरी होती. पोरं ती रडत गिळायची. त्याने सावकाश एक पोळी खाल्ली, मग दुसरी. ताटाला चिकटलेलं तूप बोटानं पुसून घेतलं. हात धुतला, पिशवी उचलली. गंजीकडे त्याने पाहिलंही नाही.

"भाकरी मऊ झाली होती, वहिनी," तो म्हणाला आणि शेजारच्या उंबऱ्याकडे निघाला.