फळीवरचा पाहुणा

रक्षानं मुद्दाम स्टीलचा पेला काढला. बाकीच्यांना कपबशी, आणि तिला बघायला रामनगरहून आलेल्या प्रशांतला काठोकाठ भरलेला, उकळता पेला. पहिल्या स्थळानं तिच्या पाखरांच्या नादावरून तिला येडी म्हटलं होतं. तेव्हापासून येईल त्याला हाच पेला मिळे. बोटं पोळली की माणूस वैतागे, आणि स्थळ परत जाई.

पुढच्या अंगणात सुपारी वाळत होती, म्हणून पाहुण्यांना मागच्या पडवीत बसवलं होतं. समोर परसात खांबावर एक फळी होती. रक्षा रोज तिच्यावर पाखरांसाठी तांदळाची कणी टाकायची.

"आज पाखरांचं नाव काढू नकोस, बाय," परशुरामनं लेकीला सकाळीच बजावलं होतं.

प्रशांतनं पेला हातात घेतला न घेतला, तोच फळीवरच्या मुनिया भुर्रकन उडाल्या. त्यांच्या जागी शिक्रा, छोटा शिकारी पक्षी, उतरला. पंजात सरडा होता.

"हलू नका कुणी," रक्षा कुजबुजली.

परशुरामचा कपाळाकडे निघालेला हात वाटेतच थांबला. प्रशांतच्या आईचा, रुक्मिणीबाईंचा, लाडू ओठांशी अडकला.

"अगो बाई, हितंच जेवणार व्हय ह्यो?" त्या पुटपुटल्या.

"शिक्रा हाय. लांब रानातल्या उंच झाडावर बसतोय रोज. फळीवर आजच आलाय."

शिक्रा सावकाश जेवला. मधूनच मान वळवून लाल डोळ्यांनी पडवीतल्या एकेकाला न्याहाळत होता, जणू स्थळ बघायला तोच आला होता. मग त्यानं फळीला चोच पुसली आणि झाडीत दिसेनासा झाला.

पडवीतली माणसं हलली. रुक्मिणीबाईंनी लाडू खाल्ला. प्रशांतनं पेला हळूच खाली ठेवला. एक थेंबही सांडला नव्हता. त्याची बोटं मात्र लालबुंद झाली होती.

"आधीच ठेवायचा की खाली," रक्षा म्हणाली.

"वाकलो असतो तर उडाला असता," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "उद्या येतोय काय हो तो परत?"

रुक्मिणीबाई पदर सावरत उठल्या. "बरं, निघतो आम्ही. काय ते मागनं कळवतो."

परशुरामनं मान खाली घातली. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं.

"बसा हो जरा," रक्षा म्हणाली. "त्यांचा चहा राहिलाय."

ती आत गेली आणि प्रशांतसाठी कपबशी घेऊन आली.