हळदीची सीडी

करिष्मा सकाळपासून आपल्या ताईच्या हळदीची सीडी बनवत होती आणि ते स्वस्तातलं एडिटिंगचं सॉफ्टवेअर दर कटला मान टाकत होतं. आतून तिचं "गेला परत!" ऐकू आलं की वळमध्ये, म्हणजे बाहेरच्या मोठ्या खोलीत, टीव्हीपुढे सीडीची वाट बघत जमलेली बायकामंडळी खदखदून हसायची. काकांची ताकीद एकच, "तुझे आयनी हलद लावली, तेवरा काप. विधवेचा हात लागला, लोका काय बोलतीन?" तो तुकडा आला. पडद्यावर आई सगळ्यांची नजर चुकवून लेकीच्या गालावर पिवळी बोटं फिरवत होती. करिष्माने माऊस दाबला आणि तुकडा एका झटक्यात उडाला! दिवसभरात पहिल्यांदाच! तिने टाळीच वाजवली. पण आता अख्ख्या हळदीत आई कुठेच नव्हती. दारातून काकांनी विचारलं, "कापलास का गो?" तिने तुकडा गुपचूप जागेवर आणला आणि ओरडली, "न्हाय ओ काका, मेला परत हँग झाला!"