नव्या सर्व्हरचे दिवे

सर्व्हरच्या खोलीत दोन सर्व्हर होते, गारठवून टाकणारा एक एसी, मोडक्या पायाची एक खुर्ची आणि नेटवर्कच्या सात केबली. सातही केबली जुन्या सर्व्हरला लावलेल्या होत्या. नव्याला फक्त विजेची वायर होती. त्यामुळे त्याचे हिरवे दिवे छान लुकलुकत होते आणि तो काहीही करत नव्हता.

सेकंदबाई खुर्ची भिंतीला टेकवून बसली आणि स्वतःशीच हसली.

हे नाव तिला बिलिंगच्या खोलीने ठेवलं होतं, उठता-बसता सेकंदांची भाषा करते म्हणून. तिला त्याचं काही वाटत नसे. स्टॉपवॉच कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी ठेवलेलं नाव ती कशाला मनाला लावून घेईल?

कंपनी नळ आणि पाइप विकायची. सगळा व्यवहार ब्राउझरमध्ये चाले, आणि बिलाची स्क्रीन उघडायला वेळ लागे. तो कमी करायलाच तिला घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिने स्वतः लिहिलेला एक प्रोग्राम सर्व्हरवर बसवला. त्याला ती पहारेकरी म्हणे. कोण काय उघडतंय, डेटाबेस त्या क्षणी काय करतोय, हे तो सारखं विचारून टिपून ठेवी आणि बिलिंगच्या भिंतीवर आकडा झळकवी. लोक म्हणत होते चारेक सेकंद लागतात. पहारेकऱ्याने मोजले तर नऊ. लोकांच्या अंदाजांबद्दल तिचं मत तेव्हाच पक्कं झालं.

मग ती कामाला लागली. मेमरी दुप्पट केली. डिस्क बदलल्या. डेटाबेसची घडी नीट बसवली. दर वेळी सर्व्हरला जरा उसंत मिळाली की ती पहारेकऱ्याला आणखी काहीतरी टिपायला सांगे. ताकद आहे तर रिकामी कशाला ठेवायची? नऊचे नऊच राहिले. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता. उरली माणसं.

बिलिंगमध्ये माणसं चार होती. त्यांतल्या सगळ्यांत थोरल्या बाईला अख्खं ऑफिस आत्या म्हणे.

"आत्या, तुमच्या ब्राउझरमध्ये एकतीस टॅब उघडे आहेत."

"असू देत की. कुणाचं काय खातात?"

"त्यात एक सोफ्याचा आहे."

"मग बिल उघडेपर्यंत काय करू, तुमचं तोंड बघत बसू? सोफा तरी बरा दिसतो."

बाकीचे तिघे मान खाली घालून हसले. असल्या लोकांसाठी आपण सहा महिने घासलो, या विचाराने सेकंदबाईच्या तोंडाला कडू चव आली.

आत्याने साहेबांकडे नव्या सर्व्हरचा हट्ट धरला. साहेब कंपनीचे मालक. ओरडेल त्याचं ऐकणारे. त्यांनी आणला. तेव्हा सेकंदबाई त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिली.

"साहेब, दोष माझ्या सर्व्हरचा निघाला तर मी राजीनामा देते. माणसांचा निघाला तर बिलिंगमध्ये दोन जण पुरे."

"ठरलं," साहेब म्हणाले.

सोमवारी सकाळी तिने जाहीर केलं, "सगळं नव्या सर्व्हरवर हलवलंय." हलवलं काहीच नव्हतं. पहारेकऱ्याला मात्र तिने आदल्या दिवशीच बंद करून ठेवलं होतं. भिंतीवर नऊचा आकडा दिसला असता तर सगळं बिंग फुटलं असतं.

दुपारी ती बिलिंगमध्ये डोकावली.

"बाई, पळतंय हो," आत्या म्हणाली. "सोफा बघायला सवडच नाही."

"किती पळतंय?"

"आता ते तुम्ही सांगायचं. मला आपलं पळतंय असं वाटतंय."

"वाटतंय," सेकंदबाई म्हणाली.

"बटण दाबतो न दाबतो तोच हजर," शेजारचा चष्मेवाला म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की तिला त्याची कीवसुद्धा करावीशी वाटेना. स्टॉपवॉच तिच्या खिशात होतं. तिने ते काढलं नाही. जे बदललंच नाही ते काय मोजायचं?

चार दिवस तिने कौतुक ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी साहेबांना सर्व्हरच्या खोलीत आणलं आणि केबली दाखवल्या.

साहेबांनी सातही केबलींवरून बोट फिरवलं. "म्हणजे हा नुसताच..."

"शोभेला आहे."

"आणि ते म्हणतात पळतंय."

"हिरवे दिवे लावा, ती माणसं विमान उडतंय म्हणतील. ही तुमची तक्रार करणारी मंडळी. आता कुठले दोन कमी करायचे ते तुम्ही ठरवता की मी?"

"थांबा. नक्की काही बदललेलं नाही?"

"तोच सर्व्हर, तीच मेमरी, त्याच डिस्क. माझा पहारेकरी तेवढा बंद आहे, भिंतीवर आकडा दिसू नये म्हणून."

"मग एकदा माझ्यासमोर मोजा. दोघांच्या पोटावर पाय द्यायचा, तर डोळ्यांनी बघून देतो."

"हजारदा मोजते," ती म्हणाली.

बिलिंगमध्ये साहेब शिरताच सगळे उभे राहिले. सेकंदबाईने आत्याची खुर्ची ओढून घेतली. स्क्रीनवर एकतीसच्या एकतीस टॅब होते, सोफ्यासकट.

"बंद करू का ते?" आत्याने विचारलं.

"राहू देत. असेच हवेत मला."

साहेब तिच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. तिने स्टॉपवॉच काढलं, साहेबांना आकडा दिसेल असं धरलं आणि स्टॉपवॉचचं अन् स्क्रीनवरचं बिलाचं, अशी दोन्ही बटणं एकदम दाबली.

तिने तीनदा मोजलं. पहिल्यांदा ०.९ सेकंद. दुसऱ्यांदा ०.८. तिसऱ्यांदा ०.९.

"बाई, तुमचा तो पहारेकरी तेवढा बंद आहे म्हणालात ना?" साहेबांनी विचारलं.