आधी होकार

फोनवर नवं काम झळकलं की ते पहिला होकार देणाऱ्याला मिळायचं. विचार करणारे उपाशी राहायचे. म्हणून गिरिजानं गेल्या वर्षी शस्त्रक्रिया करून मेंदूतला, उत्तराआधी थांबवणारा 'विराम' काढून घेतला. आता प्रश्न कानावर पडायच्या आत तोंडातून "हो, चालेल!" निघायचं आणि विचार मागून, सवडीनं यायचा. भाषांतराचं एकही काम हातून सुटत नव्हतं.

तिचे वडील, अण्णा, तेवढे कुरकुरायचे. "अगं, माझं वाक्य तरी पुरं होऊ देत जा!"

आज आठवा दिवस, अण्णा श्वासाच्या यंत्रावर होते. डॉक्टर शिराळकर अतिदक्षता विभागातून बाहेर आले. नियमाप्रमाणे त्यांनी संमती नोंदवण्यासाठी रेकॉर्डर सुरू केला.

"ताई, घाई नाही. अण्णांचं यंत्र बंद करायचं, की अजून दोन दिवस—"

"हो, चालेल!"

डॉक्टर चपापले. "नक्की ना? पुन्हा विचारतो."

"हो, चालेल!"

मान खाली घालून डॉक्टर आत गेले. गिरिजा बाकावर बसली. 'की अजून दोन दिवस' हे शब्द तिच्यापर्यंत सावकाश पोचले. ती किंचाळत दाराकडे धावली, तेव्हा आतली यंत्राची घरघर थांबली होती.